अंगाच्या मापाचं पार्किंग

नगररचना खात्याच्या बाई तपासणीला येणार म्हणून मास्तरांनी भल्या सकाळी अंगण धुऊन काढलं आणि पांढऱ्या पट्ट्यांवर कोणी पाय देऊ नये म्हणून स्वतः दारात खुर्ची टाकून बसले. पट्ट्या त्यांच्याच हातच्या. आधी शिलाईच्या खडूने आखलेल्या, मग रंगाने भरलेल्या. आता गाड्या उभ्या करायच्या जागा शिंप्याने आखाव्यात का, असा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही घरात कोणीतरी विचारला असता. या घरात नाही. इथे सुताराला बोलावलं तरी माप मास्तर घेणार, फरशीवाल्याला बोलावलं तरी मास्तर घेणार. बहिणीची, म्हणजे आत्याबाईंची कवळी दातांच्या डॉक्टरांनी बसवल्यावरसुद्धा मास्तरांनी टेप लावून खात्री केली होती, असं मास्तरांचा थोरला मुलगा सांगतो. आत्याबाई साफ नाकबूल करतात. कवळीची गोष्ट आहे, त्या नाकबूलच करणार.

सगळा खटाटोप होता गच्चीवरच्या घरासाठी. तिथे एक घर चढवायचं आणि धाकटीला परत आणायचं, हे सूनबाईंनी मनावर घेतलं होतं. धाकटी म्हणजे मास्तरांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिने बापाची कात्री टेबलावर ठेवली आणि टॅक्सी चालवायला गेली. घराण्यातला सगळ्यात चांगला हात तिचा. कापड नुसतं झटकून पसरलं तरी त्यात काय बसेल आणि काय बसणार नाही, हे तिला कळायचं. असा हात स्टिअरिंगवर जावा हे मास्तरांच्या पचनी पडलं नाही. रस्त्याची एवढी हौस असेल तर रस्त्यावरच राहा, असं ते रागाच्या भरात बोलून गेले. लेक बापाच्याच वळणाची. तिने तो शब्द उचलून धरला आणि भाड्याची खोली घेतली.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. अगदीच बंद म्हणता येणार नाही. ती महिन्यातून एकदा भावाकडे यायची, तेव्हा बापलेक समोरासमोर बसून सूनबाईंमार्फत बोलायचे. तिला सांगा, चहा गार होतोय. अण्णांना सांग, मला गारच लागतो. सूनबाई शाळेत गणित शिकवतात. दिवसभर पोरांपुढे डोकं फोडून घरी आल्यावर हे टपालखातं चालवायचं म्हणजे त्यांच्या नाकी नऊ यायचे.

तर शहराचा नवा नियम असा होता, की घर वाढवायचं तर त्या घराच्या गाड्या आपल्या हद्दीत उभ्या करा, रस्त्यावर नाही. तीन घरं आणि खाली शिंपीकामाचं दुकान, म्हणून चार जागा. त्यांतली एक विजेच्या गाडीला चार्जिंग करता येईल अशी. जागा नाहीत तर मजला नाही. अंगण तसं बरं होतं, पण वाकडं. नाचता न येणाऱ्याने बोट दाखवावं असं खरोखरच वाकडं. त्यात तीन गाड्या नीट बसत होत्या. चौथीच्या जागेवर मास्तरांची पत्र्याची शेड उभी होती आणि शेडीत त्यांचं कापायचं टेबल. शेड पाडू, असं थोरल्याने एकदा म्हणून पाहिलं. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. दादा जेवला नाही म्हणून आत्याबाई जेवल्या नाहीत. आणि दोघं उपाशी असताना जेवायला बसल्यामुळे थोरल्याला असा ठसका लागला, की त्याने कानाला खडा लावला.

मग एके दिवशी मास्तरच म्हणाले, शेडही राहील आणि जागाही चार होतील. मापं मी घेतो.

सूनबाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहताना त्यांना चारही चौकटी लहानमोठ्या दिसल्या होत्या. वर्गात भूमिती शिकवणाऱ्या बाईने काय करावं? तर वरून तिरकं बघतोय म्हणून तसं दिसत असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि भाजी चिरायला घेतली. त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आदल्या आठवड्यात धाकटीने त्यांना एकटीला गाठून सांगितलं होतं, की खोलीचा मालक गाडी चार्ज करू देत नाही. भर धंद्याच्या वेळेला सार्वजनिक चार्जिंगच्या रांगेत बसून राहावं लागतं, निम्मा दिवस तिथेच जातो. दुसऱ्या गावी एका मैत्रिणीने टॅक्स्यांचा तळ काढलाय, राहायला खोली आणि रात्रभर चार्जिंग देते म्हणाली. हा अर्ज एकदा फेटाळला गेलाच आहे. आता पुन्हा नापास झाला, तर मी तिकडे जाणार, वहिनी. आणि हे कोणाला सांगायचं नाही. सूनबाईंनी शब्द दिला होता, आणि दिल्या क्षणापासून तो शब्द त्यांच्या पोटात दुखत होता.

थोरल्याचं म्हणाल, तर तो या सगळ्यात तळ्यात मळ्यात करत होता. तो दुकानाचा गल्ला सांभाळतो आणि शाळांचे गणवेश व्हॅनमधून पोचवतो. गणवेश लहान, मध्यम, मोठा अशा ठरलेल्या मापांत निघतात. मास्तर त्यांना कपडे म्हणत नाहीत, गोणपाट म्हणतात. रविवारी मास्तरांनी पार्किंगची ट्रायल ठेवली, तेव्हा थोरला व्हॅन घेऊन अंगणात आला आणि बघतो तर बाप गळ्यात टेप अडकवून, दातांत खडू धरून उभा. मास्तरांनी व्हॅनभोवती दोन फेऱ्या मारल्या. आरसे बाहेर येत होते ते त्याला आत घ्यायला लावले. मागचा बंपर त्यांनी पोटावर थोपटावं तसा थोपटला आणि इथे थोडं सैल ठेवतो म्हणाले. थोरल्याच्या जिभेवर आलं होतं, की अण्णा, नियमात काही ठरलेलं माप असेल ना? पण ठरलेलं माप हे शब्द बापासमोर काढायचे म्हणजे आगीत तेल. तो गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

व्हॅननंतर सूनबाईंच्या छोट्या गाडीची ट्रायल झाली, मग आत्याबाईंच्या तीनचाकी स्कूटरची. ही स्कूटर बॅटरीवर चालते. गुडघे गेल्यापासून आत्याबाई तिच्यावरूनच सगळीकडे जातात, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तर तिच्यासकट आत शिरतात. तिला वीज मिळते स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोडलेल्या लांबलचक वायरीतून. ती वायर अंगणावरून आडवी जाते आणि आत्याबाई तिच्यावर रुमाल वाळत घालतात. गच्चीवर घर होऊ नये असं आत्याबाईंना वाटत होतं, आणि त्याचं कारण त्या भावाच्या शेडीवरची माया असं सांगत. खरं कारण वायर. नवा नियम आला, पक्कं चार्जिंग आलं, धाकटीची टॅक्सी आली, तर आपल्या स्कूटरला कोण विचारतो? म्हातारीचं गणित सुनेपेक्षा पक्कं होतं.

चौथी जागा टॅक्सीची. टॅक्सीची ट्रायल झालीच नाही, कारण टॅक्सीवालीशी बोलणं बंद. तरीही मास्तरांनी ती चौकट आखली. कशावरून आखली, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

बाई आल्या. आल्या म्हणजे घरासमोरून गेल्या, मग पुन्हा गेल्या, मग तिसऱ्यांदा गेल्या. रस्त्यावर गाडी लावायला जागाच नव्हती. चौथ्या खेपेला त्यांनी काच खाली केली आणि दारातल्या मास्तरांना विचारलं, की तुमच्याच अंगणात लावते, चालेल ना? खात्याची गाडी होती, ऐसपैस, लांबरुंद.

मास्तर खुर्चीतून उठले. एक चौकट रिकामी होती, टॅक्सीची. ती बाईंना दिसत होती आणि मास्तरांनाही दिसत होती.

"ती जागा दिलेली आहे," मास्तर म्हणाले. "सूनबाई, तुमची गाडी काढा जरा. पाहुण्यांना जागा करा."

सूनबाईंनी गाडी काढून अंगणाच्याच फाटकाला चिकटवून उभी केली. खात्याची गाडी आत वळली. ती पुढे आली, मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि एका बाजूला व्हॅन, दुसऱ्या बाजूला आत्याबाईंची स्कूटर अशी मध्ये जाऊन बसली. नाक पट्टीच्या बाहेर, शेपूट पट्टीच्या बाहेर. बाईंनी एकीकडचं दार उघडलं, ते व्हॅनला टेकलं. पलीकडचं उघडलं, ते स्कूटरच्या दांड्याला टेकलं. आत बाई, मांडीवर फाईल, आणि बाहेर पडायची सोय नाही.

अख्खं घर गोळा झालं.

"मला उतरता येत नाहीये," बाई काचेतून म्हणाल्या.

"तुमची गाडी अंगाने जास्त आहे," मास्तरांनी खुलासा केला. "ही जागा सूनबाईंच्या गाडीवर बेतलेली. तुम्हाला नाहीच व्हायची."

थोरल्याने कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र राग धरला नाही. दिवसाला अशी किती अंगणं बघत असतील कोण जाणे, पण शिंप्याने बेतलेलं अंगण त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. तिथेच बसून त्यांनी काचेच्या फटीतून विचारलं, की म्हणजे या चारही जागा वेगवेगळ्या मापाच्या आहेत? मास्तरांनी अभिमानाने एकेक जागा दाखवली. ही व्हॅनची, मागे थोडी सैल. ही सूनबाईंची, बारीक. ही बहिणीच्या स्कूटरची, पुढे निमुळती. एक इंच वाया गेलेला नाही. म्हणून तर शेड वाचली.

गाडी मागे घेऊन बाई कशाबशा बाहेर आल्या आणि फाटकातच उभ्या राहून त्यांनी समजावून सांगितलं. गाडी कुठलीही असो, जागेचं माप एकच. नियमात ते ठरवून दिलंय, आणि त्यात कमी चालत नाही.

"म्हणजे रेडिमेड," मास्तर म्हणाले.

या घरात हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. पुढचा बराच वेळ मास्तर बोलत होते. एकाच मापात सगळ्यांना कोंबणं हा आळस आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जाड्याला घट्ट आणि बारक्याला ढगळ, मग दोघंही आरशासमोर उभे राहून स्वतःलाच दोष देतात. आयुष्यभर मी एकाही गिऱ्हाइकाला तसं करू दिलं नाही, आता गाड्यांना कशाला करू? बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऐकणं ही काही नियमाची अट नव्हती, तरी ऐकलं.

"मास्तर, कपडा माणसाचा असतो, त्याच्याबरोबर जातो," त्या म्हणाल्या. "जागा घराची असते. उद्या यांनी मोठी गाडी घेतली तर? तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, आत्ता मी आले तसं, तर त्याने कुठे जायचं? घरात कोणी आजारी पडलं आणि रुग्णवाहिका दारात आली तर?"

"तेव्हा उसवून पुन्हा आखू."

"रुग्णवाहिका थांबते का तोवर?"

मास्तर टेपशी चाळा करत राहिले. तेवढ्यात बाईंची नजर वर गेली आणि अंगणावरून आडव्या गेलेल्या वायरीवर थांबली. वायरीवर रुमाल होता.

हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. थोरला म्हणाला, दोरी आहे. सूनबाई म्हणाल्या, तात्पुरतं आहे. आत्याबाई मात्र स्कूटरवर ताठ बसल्या आणि ती माझी वायर आहे म्हणून त्यांनी सांगून टाकलं. बाईंनी वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा गंभीर झाला. ओला रुमाल, उघडी वायर, खाली पत्र्याची शेड. ही आजच काढायची, त्यांनी सांगितलं, मजला होवो न होवो. चार्जिंग हवं तर भिंतीवर पक्की पेटी बसवा, तिला वेगळं मीटर घ्या. एका पेटीवर गाडी आणि स्कूटर दोन्ही चालतात.

"दोन्ही?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोन्ही."

"माझ्या स्कूटरलाही?"

"नियमानेच."

आत्याबाईंनी थोडा विचार केला. फार नाही. मग भावाकडे वळून त्या म्हणाल्या, "दादा, नाहीतरी ती शेड गळतेच."

जन्मभर पाठीशी राहिलेली बहीण एका पेटीवर फितूर झाली. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कोणी असती तर जमिनीत गेली असती. पण आत्याबाई स्कूटरवर होत्या, त्या हलल्या नाहीत. आत्या फुटली म्हटल्यावर थोरल्याच्याही अंगात धीर आला. शेडीला तसा गंज लागलाय, असं तो कोणाकडेही न बघता पुटपुटला. मग मास्तरांनी सूनबाईंकडे पाहिलं, आणि सूनबाईंनी फाटकाकडे पाहिलं, कारण तिथे टॅक्सी आली होती.

धाकटीला आज बोलावणं नव्हतं. ती निकाल ऐकायला आली होती. फाटकातून दिसलेल्या चेहऱ्यांवरूनच तिला निकाल कळला. ठीक आहे, तिने मनाशी म्हटलं. संध्याकाळी मैत्रिणीला कळवून टाकू. फाटकाच्या दोन बाजूंना सूनबाईंची आणि खात्याची अशा दोन गाड्या होत्या, तेव्हा वाटेतून बाजूला व्हायचं म्हणून तिने समोर दिसलेल्या रिकाम्या चौकटीत टॅक्सी घातली. गाडी एका वळणात आत गेली. तिने दार पूर्ण उघडलं, पाय बाहेर काढला आणि उतरली. हे सगळं इतकं सहज झालं, की त्यात काही वेगळं घडलंय हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बाईंनी तोवर पिशवीतून स्वतःची टेप काढली होती. नियम म्हणजे नियम, मोजायला तर हवंच. थोरल्याने दुसरं टोक धरलं. व्हॅनची जागा लांबीला कमी भरली. सूनबाईंची रुंदीला कमी. स्कूटरच्या जागेला बाईंनी टेप लावलीच नाही, नुसती बघून पुढे गेल्या. मग टॅक्सीची चौकट. तिथे त्या थांबल्या, पुन्हा मोजलं, आणि म्हणाल्या की ही बसते. नुसती बसत नाही, ड्रायव्हरच्या बाजूला चांगली हातभर जास्त भरते. अपंगांच्या गाडीला आम्ही सोडायला सांगतो जवळजवळ तेवढी. इतकी काटकसर करून इथेच एवढी उधळपट्टी का केलीत, मास्तर?

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली. मग नेहमीच्या पद्धतीने सूनबाईंकडे तोंड करून बोलले.

"बाईंना सांगा, त्या गाडीच्या ड्रायव्हरचा गुडघा दुखतो. दार अर्धं उघडलं तर पाय वाकडा करून उतरावं लागतं. उतरताना एक हात छताला धरावा लागतो. म्हणून तिथे जास्त सोडलंय."

सूनबाई निरोप द्यायला वळल्या आणि मध्येच थांबल्या, कारण बाईंनी सगळं ऐकलं होतं आणि धाकटीनेही.

गुडघ्याचं धाकटीने कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनीलासुद्धा नाही. आणि टॅक्सीची मापं? टॅक्सी तर या अंगणात कधी आलीच नव्हती, बाहेर कोपऱ्यावर लावायची. मग तिला चार्जिंगच्या नाक्यावरचा रखवालदार आठवला. तो एकदा हसत सांगत होता, की ताई, तुम्ही गाडीतून उतरून चहाला गेलात की पलीकडे बसलेला एक म्हातारा येतो आणि तुमच्या गाडीला टेप लावतो. हाकलला तरी पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहतो, तुम्ही येऊन गाडीत बसेपर्यंत. तिने तेव्हा चारही चाकं तपासली होती. चोर असेल असं वाटलं होतं तिला.

थोरल्याच्याही डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला. अण्णा मध्यंतरी रोज बटणं आणायला म्हणून बाहेर पडायचे, आणि दुकानात एक बटण नवीन आलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

शेवटी बाईंनीच फाईल उघडली. मन भरून आलं तरी कागद भरावाच लागतो, त्यांचाही नाइलाज होता. चारांतली एक जागा पास, त्या म्हणाल्या. बाकी तीन नवीन आखाव्या लागतील आणि त्या शेड गेल्याशिवाय बसणार नाहीत. शेड उतरवणार असाल तर मी तशी अट घालून शिफारस लिहिते. नसाल तर नामंजूर. आणि मग हा अर्ज संपला. मला आज काय ते लिहायचंय.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शेडीच्या दारात जाऊन उभे राहिले, पाठ अंगणाकडे. आत टेबल होतं. हे टेबल म्हणजे काय आहे हे बाहेरच्या माणसाला कसं सांगणार? बापाच्या दुकानातून वेगळं होताना मास्तरांनी तेवढं एकच मागून घेतलं होतं. त्याच्यावर दोन्ही मुलं रांगली, त्याच्याच काठाला धरून धाकटी उभी राहायला शिकली आणि त्याच्यावरच तिने कात्री ठेवून दिली. मास्तरांना वाटत होतं, की हे गेलं की आपण नुसते म्हातारे उरलो. घरात बसून टीव्ही बघणारा, सुनेला पाणी मागणारा म्हातारा. माप घ्यायला कोणी नाही आणि कापायला काही नाही.

"घाई करू नका म्हणावं अण्णांना," धाकटी म्हणाली. ती थोरल्याकडे बघून बोलत होती. "सांग त्यांना. माझ्यासाठी शेड पाडायची गरज नाही. माझी सोय झालीये."

सूनबाईंना आता राहवेना. दिलेला शब्द, पोटातलं दुखणं, सहा वर्षांची टपालकी, सगळं एकदम बाहेर आलं.

"कसली सोय? गाव सोडून चाललीये ती, अण्णा. दुसऱ्या गावी, कायमची. आजचा निकाल लागला की जाणार. मला म्हणाली कोणाला सांगू नकोस, आणि मी नाही सांगितलं, पण आता पुरे झालं. तुम्ही दोघं काय बोलायचं ते एकमेकांशी बोला. मी यापुढे एक निरोप पोचवणार नाही."

"वहिनी," धाकटी म्हणाली. "शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला. नाव ठेव मला."

मास्तर वळले नाहीत. पाठमोऱ्या माणसाचं काय चाललंय ते कसं कळणार, पण आत्याबाईंना कळलं. लहानपणापासून ती पाठ त्यांनी पाहिली होती. त्यांनी स्कूटर थोडी पुढे घेतली आणि पुन्हा मागे घेतली, आणि आयुष्यात क्वचितच केली असेल ती गोष्ट केली, म्हणजे तोंड बंद ठेवलं.

"टेबल बारा फुटी आहे," मास्तर म्हणाले.

कोणाला म्हणाले ते कळेना. सूनबाईंची मान सवयीने धाकटीकडे वळू लागली, आणि त्यांनी ती स्वतःच आवरली. मास्तर शेडीच्या दारातून बाहेर आले आणि थेट लेकीसमोर जाऊन उभे राहिले.

"तुला विचारतोय. वरच्या घरात मावेल का?"

सहा वर्षांत धाकटीने बापाच्या कितीतरी वाक्यांना उत्तरं तयार करून ठेवली होती. रांगेत बसून असताना दुसरं काम काय. चूक झाली म्हणाले तर काय बोलायचं, परत ये म्हणाले तर काय, पुन्हा रागावले तर काय. हे वाक्य त्यांत नव्हतं. बाप तिच्याकडे जागा मागत होता. तिने मान वर करून गच्चीकडे पाहिलं. तिथे पाण्याची टाकी होती आणि वर मोकळं आकाश होतं. तरी ती नीट बघत राहिली.

"मावेल," ती म्हणाली. "मावेल, अण्णा. खिडकीपाशी लावू, तुम्हाला उजेड लागतो. पण मी रात्री उशिरा येते, सकाळी झोपलेली असते. तेव्हा खडखडाट करायचा नाही. आणि चिंध्या जिथल्या तिथे उचलायच्या."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. "घर अजून बांधलं नाही, आणि हिचे नियम सुरू."

"शिफारस लिहू का मग?" बाईंनी विचारलं.

"लिहा. रेडिमेड माप लिहा. पण ती एक जागा आहे तशी राहील."

नियमापेक्षा जास्त जागा सोडायला आमची हरकत नसते, बाई म्हणाल्या, आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या टपावर फाईल ठेवून लिहायला लागल्या. आत्याबाईंनी लगेच विचारून घेतलं, की पेटी कोणत्या भिंतीला बसेल आणि ती माझ्या हाताला येईल अशा उंचीवर असेल ना. थोरला म्हणाला, उद्या माणसं बोलावून शेड उतरवून घेऊ, तुम्ही कशालाही हात लावू नका. मास्तरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते आत गेले, स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि शेडीच्या दाराच्या वरच्या बिजागरीला लागले. स्क्रू गंजलेले होते. शेवटचा निघाला तसं पत्र्याचं जड दार एका बाजूला कलायला लागलं.

"धर," ते म्हणाले.

धाकटीने पुढे होऊन दोन्ही हातांनी दार धरलं.